वाचकांचे प्रश्न: मेदेस बेटांसमोरचं छोटं बंदर

मागच्या अंकात मी लेस्तार्तितचा ओझरता उल्लेख केला होता. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कातालुन्यातल्या कोस्टा ब्राव्हा किनाऱ्यावरचं हे छोटं गाव. उत्तरेला मोंग्रीचा चुनखडीचा डोंगर सरळ समुद्रात उतरतो, दक्षिणेला तेर नदीच्या मुखापर्यंत वाळूचा सपाट किनारा पसरलेला आहे. या दोन्हींच्या मध्ये नौकांचं बंदर आणि समोर, हाकेच्या अंतरावर वाटावीत अशी मेदेस बेटं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही इथे घेतली आहेत. मी उन्हाळ्यात इथे नौका भाड्याने देणाऱ्या एका कचेरीत काम करते. त्यामुळे माझी उत्तरं पर्यटन पुस्तिकेपेक्षा धक्क्यावरच्या माणसाची वाटतील.

ताई, आम्ही दोघं आणि नऊ व बारा वर्षांची मुलं जुलैच्या सुरुवातीला आठवडाभर लेस्तार्तितला जातोय. समुद्राजवळ घर घेतलंय. पण यांचं म्हणणं, एवढ्याशा गावात सात दिवस करायचं काय? म्हणून बार्सिलोना, फिगेरेस, कादाकेस, जिरोना आणि फ्रान्समधलं कार्कासोन असं सगळं बसवलंय. मला ती यादी वाचूनच दमायला झालं. काय करू? — दोन मुलांची आई

यादी निम्म्यावर आणा. कार्कासोन तर आधी काढा. सीमा ओलांडून जायचं, यायचं, आणि मुलांना दिवसभर गाडीत डांबायचं, हे या सुट्टीत बसत नाही. बार्सिलोना येताना किंवा जाताना बघा, आठवड्याच्या मधोमध नको.

आता यांना पटेल असं कारण देते. या गावात दिवस कसा घालवायचा हे वारा ठरवतो. जुलैत साधारणपणे सकाळी समुद्र पडलेला असतो. सातच्या सुमाराला बंदरात पाणी इतकं स्थिर असतं की डोलकाठ्यांची प्रतिबिंबं सरळ दिसतात. उन्हं वर येतात, जमीन तापते आणि दुपारकडे गार्बी सुटतो. हा नैऋत्येचा वारा. तो येतो तेव्हा आधी बेटांच्या पलीकडचं पाणी गडद होतं, मग पांढरे तुरे दिसू लागतात आणि थोड्याच वेळात बंदरातल्या सगळ्या नौकांच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर टणटण वाजायला लागतात. सूर्य डोंगराआड गेला की तो बहुतेक वेळा पडतो. म्हणून सकाळ समुद्राला द्या. बेटं, होडी, पोहणं, मुलांचं पोहायचा काचेचा मुखवटा लावून पाण्यात डोकावणं, सगळं साडेबाराच्या आत. मग जेवण, आणि मग झोप. गावातली बरीचशी छोटी दुकानंही दुपारी बंद असतात, तेव्हा उन्हात वणवण करण्यात काही हाती लागत नाही. पाचनंतर पुन्हा किनारा. इथला मोठा किनारा लांबवर उथळ आहे, नऊ वर्षांच्या मुलाला पाण्यात बरंच आत जाऊनही पाय टेकतात.

आणि मग एखाद्या दिवशी त्रामुंताना येतो. हा उत्तरेचा वारा पिरेनीज पर्वत ओलांडून इथल्या एम्पोर्दाच्या मैदानात उतरतो. कोरडा, जोरकस, आणि आकाश इतकं स्वच्छ करणारा की दूरचे डोंगर धारदार दिसतात. तो एक दिवस राहील किंवा तीन. त्या दिवशी फुगवलेली गादी, रबरी मगर असलं काहीही पाण्यात न्यायचं नाही, कारण बघताबघता ते आत ओढलं जातं आणि मूल त्याच्या मागे जातं. हे मी फार कळकळीने सांगते आहे. जीवरक्षकांचा झेंडा बघायची सवय मुलांनाच लावा: हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाण्यात जायचं नाही.

यादीतली ठिकाणं या वाऱ्याच्या दिवसांसाठी राखून ठेवा. फिगेरेसचं चित्रकार साल्वादोर दालीचं संग्रहालय अशा दिवशी उत्तम. 1974 साली दालीने आपल्याच गावातल्या जळक्या नाट्यगृहाचं हे संग्रहालय केलं, आणि मुलांना ते मोठ्यांपेक्षा जास्त आवडतं. तिकीट मात्र आधी काढा. लेस्काला गावाजवळचं एम्पुरिएस त्याहून जवळ आहे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात ग्रीक व्यापाऱ्यांनी वसवलेलं हे गाव, आणि त्याच्या शेजारी रोमनांचं. अवशेषांना लागूनच पोहायचा किनारा आहे, म्हणजे अर्धा वेळ इतिहास आणि अर्धा वेळ वाळू असं मुलांशी ठरवता येतं. आणि मोंग्रीचा किल्ला! तोर्रोएल्या गावातून पायवाटेने चढायचा. 1294 ला बांधायला घेतला आणि काही वर्षांतच काम थांबलं, ते कायमचं. आत काहीच नाही, फक्त चार भिंती आणि बुरूज. पण वरून संपूर्ण किनारा, भातखाचरं, तेरचं मुख आणि मेदेस बेटं एका नजरेत येतात. वाटेत सावली नाही. वारा असलेल्या दिवशीसुद्धा सकाळी लवकर निघा आणि पाणी भरपूर घ्या.

वाऱ्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी कातालुन्याच्या हवामान खात्याच्या, म्हणजे मेतेओकातच्या पानावर बघा. आठवडाभराचं वेळापत्रक आधी लिहून काढण्यापेक्षा रोज रात्री उद्याचं ठरवा.

माझं वय 61. आयुष्यभर समुद्राचं वेड, पण नौका चालवायचा परवाना नाही. तिथे परवान्याशिवाय होडी भाड्याने मिळते असं ऐकलं. खरं आहे का? धोक्याचं तर नाही? — निवृत्त अभियंता

खरं आहे, काका, आणि नियम स्पष्ट आहेत. स्पेनमध्ये पाच मीटरपर्यंत लांबीची आणि साधारण 15 अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाची होडी परवान्याशिवाय चालवता येते. अट अशी की फक्त दिवसाउजेडी, आणि बंदरापासून किंवा आसऱ्याच्या जागेपासून दोन सागरी मैलांच्या आत. चालवणारा सज्ञान हवा. शिडाची असेल तर सहा मीटरपर्यंत चालते, पण शिडाचं शिक्षण नसेल तर तिकडे वळू नका.

तुम्ही आलात की आम्ही काय करतो ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कचेरीतून घेतलीत तरी काय मागायचं ते कळेल. पासपोर्ट बघतो, अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवतो, करारावर सही घेतो. मग होडीत बसून दाखवतो. इंजिन थांबवणारी लाल दोरी मनगटाला अडकवायची, ती निघाली की इंजिन बंद पडतं. माणूस पाण्यात पडला तर होडी गोल फिरून त्याच्यावर येऊ नये म्हणून ती असते. पुष्कळ लोक ती काढून ठेवतात. काका, तुम्ही काढू नका. जीवरक्षक जॅकेट माणशी एक मोजून घ्या. नांगर, दोर, वल्ही, इंधनाची पातळी सगळं स्वतः डोळ्यांनी बघा. होडीवर आधीचे ओरखडे असतील तर निघण्यापूर्वी फोटो काढा, परत आल्यावर वाद राहत नाही.

पाण्यात गेल्यावर लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. बंदरात तीन नॉटच्या आत, म्हणजे चालण्याच्या वेगाने. किनाऱ्यासमोर पिवळ्या बोयांची, म्हणजे तरंगत्या खुणांची रांग असते, तिच्या आतला 200 मीटरचा पट्टा पोहणाऱ्यांचा. रांग नसेल तरी ते अंतर पाळायचंच, आणि खडकाळ किनाऱ्यापासून 50 मीटर. मेदेसच्या संरक्षित भागात नांगर टाकायचा नाही, तिथे बांधायला बोया आहेत आणि कोणत्या बोयाला कोणी बांधायचं हे ठरलेलं आहे, ते कचेरीतून नीट समजून घ्या. इतर ठिकाणी नांगर टाकताना तळ बघा. इथे पाणी इतकं स्वच्छ असतं की फिकट वाळू आणि गडद गवत वरून वेगळं दिसतं. ते गवत म्हणजे पोसिदोनिया, भूमध्य समुद्रापलीकडे कुठेही न उगवणारी फुलझाडाच्या कुळातली वनस्पती. मासे त्यात वाढतात, वाळू त्याच्या मुळांनी धरून ठेवली जाते, आणि ती वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर पसरते. एक नांगर फरफटला की दशकांचं वाढलेलं उपटून निघतं. म्हणून नांगर नेहमी वाळूवर.

आता धोक्याचं विचारलंत. सकाळी नऊला निघून बाराला परतलात तर अजिबात नाही. त्रास होतो तो लोक उत्तरेकडच्या कपारींमध्ये रमतात आणि तीनला निघतात तेव्हा. एव्हाना गार्बी चढलेला असतो, आणि बंदर दक्षिणेला असल्यामुळे लाटा थेट तोंडावर येतात. छोटी होडी आपटत राहते, सगळे ओलेचिंब होतात, कोणाला तरी उलट्या सुरू होतात आणि चालवणारा घाबरून वेग वाढवतो. तशी वेळ आलीच तर वेग कमी करा, लाट थोडी तिरकी घ्या, सगळ्यांना होडीच्या मध्ये खाली बसवा. अडचणीत 112 ला फोन लावा. रेडिओ असेल तर 16 क्रमांकाचं चॅनल.

पहिल्या दिवशी दोनच तास घ्या. दुसऱ्या वेळी तुमचं तुम्हालाच कळेल किती वेळ हवा.

जेलीफिश असतात का? चावली तर काय करायचं? — एक वाचक

काही दिवस असतात, बहुतेक दिवस नसतात. जांभळट, लांब शेपट्यांची ती टाळायची. डंख झाला तर चोळू नका आणि गोडं पाणी लावू नका, त्याने उरलेले डंख फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, अडकलेले तंतू चिमट्याने काढा, मग कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. जीवरक्षकांच्या चौकीवर मदत मिळते. श्वास लागला, अंगभर सूज आली तर लगेच 112.

मला पोहता येत नाही आणि शिकायचं वयही राहिलं नाही. सगळे म्हणतात की लेस्तार्तितचं खरं वैभव पाण्याखाली आहे. मग मी तिथे येऊन नुसतं काठावर बसू का? — वय वर्षं 58, पाण्याची भीती

नुसतं काठावर बसायची काहीच गरज नाही. बंदरातून काचेच्या तळाच्या नौका सुटतात. बेटांपर्यंत वरच्या डेकवर बसायचं, तिथे पोचल्यावर खाली उतरायचं, आणि काचेतून समुद्र बघायचा. पाय कोरडे राहतात. सकाळची, समुद्र शांत असतानाची फेरी घ्या, तेव्हा पाणी स्वच्छ असतं आणि खाली बसून गरगरतही नाही. मळमळायची सवय असेल तर गोळी निघण्यापूर्वी घ्या, नौकेवर चढल्यावर घेऊन उपयोग होत नाही.

तुम्ही काय बघताय हे माहीत असलं तर त्या काचेमागचा तास फार मोठा होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मेदेस म्हणजे सात छोटी बेटं. वर चुनखडीचा उघडा खडक, त्यावर समुद्रपक्ष्यांची वस्ती. बेटांवर उतरू देत नाहीत, ते योग्यच आहे. खडक पाण्याखाली तसाच चालू राहतो, भोकं, भुयारं, गुहा घेऊन. लाल प्रवाळासाठी आणि माशांसाठी इथे माणसाने पिढ्यानपिढ्या ओरबाडलं. मग 1983 साली बेटांभोवती मासेमारी आणि प्रवाळ काढणं बंद झालं. आज तो भाग मोंग्री, मेदेस बेटं आणि खालचं तेर खोरं मिळून केलेल्या निसर्ग उद्यानात आहे.

बंदी आल्यावर काय झालं ते तुम्हाला काचेतून दिसेल. मासे पळत नाहीत. सोनेरी पट्ट्यांचे साल्पा मासे शेकड्यांनी एकत्र गवत खुडत जातात, आणि सगळे एकदम वळले की पाणी क्षणभर चमकतं. खडकाजवळ अगदी छोटे, विजेसारखे निळे मासे दिसले तर ती पिल्लं आहेत. मोठी झाली की तीच साधी तपकिरी होतात. आणि खडकाच्या सावलीत एखादा मोठा, ठिपक्यांचा, जाड ओठांचा मासा जागच्या जागी तरंगत तुमच्याकडे बघत असेल, तो मेरो. आपल्याकडच्या हेकरूच्या जातीतला. हे सगळे मादी म्हणून मोठे होतात आणि बऱ्याच वर्षांनी त्यातले काही नर होतात. म्हणजे मोठे मासे मारले की नरच संपतात आणि जात खंगत जाते. मेदेसला ते पुन्हा म्हातारे होऊ शकले, म्हणून पुन्हा वाढले. मी पाणबुड्यांना बंदरावर परत येताना रोज बघते. पहिल्यांदा मेरो पाहून आलेला माणूस पोशाख उतरवायच्या आधीच हात पसरून त्याची लांबी दाखवायला लागतो.

लाल पंख्यांसारखे गॉर्गोनियन, म्हणजे प्रवाळांचे भाऊबंद, मात्र काचेतून नीट दिसणार नाहीत, ते बरेच खोल असतात. त्यांच्यासाठी हवेची टाकी पाठीवर बांधून बुडीच मारावी लागते, आणि तिथे रोज किती जणांनी उतरायचं याला मर्यादा आहे. तुमच्या बरोबरच्यांना उतरायचं असेल तर परवानगीसकट सगळं डायव्हिंग केंद्र करून देतं, पण ऑगस्टमध्ये खूप आधी नाव नोंदवायला हवं.

आणि पाण्याची भीती आहे म्हणता, तर एक करून बघा. मोठ्या किनाऱ्यावर सकाळी आठला जा. पाणी गुडघ्याएवढं, लाट नसल्यात जमा. मुखवटा नुसता हाताने चेहऱ्यावर धरा, वाका आणि बघा. पाय वाळूवर पक्के असतात. तळाला लपलेले चपटे मासे, वाळूतून जाणारे खेकडे तेवढ्यातही दिसतात. त्यापुढे जावंसं वाटलं तर जा, नाहीतर नको.

आम्ही शाकाहारी, घरातली मोठी माणसं अंडंसुद्धा खात नाहीत. मासेमारीच्या गावात उपाशी राहायची वेळ येईल का? — एक गृहिणी

उपाशी नाही राहणार, पण विचारून खावं लागेल. टोमॅटो चोळून, ऑलिव्ह तेल आणि मीठ घातलेला भाजका पाव, पा अम्ब तुमाकेत, सगळीकडे मिळतो आणि उन्हाळ्यातल्या पिकल्या टोमॅटोचा तो अप्रतिम लागतो. एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी, ढोबळी मिरची आणि कांदा, वर तेल. मागवताना वर अँचोव्ही मासा घालू नका म्हणून सांगा, लेस्कालाचे अँचोव्ही या भागाचा अभिमान असल्याने ते आपुलकीने घालतात. मनुका आणि चिलगोज्याच्या जातीच्या बिया घातलेला पालकही चांगला, फक्त त्यात कधीकधी हॅमचे तुकडे असतात.

फसगत होते ती भातात. जवळच्या पाल्सचा तांदूळ प्रसिद्ध आहे आणि भाज्यांचा भात पाटीवर लिहिलेला असतो, पण तो माशांच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. सरळ विचारा. ‘सेन्से कार्न नि पेश’ म्हणजे मांस-मासे नको, एवढं म्हणता आलं की पुढचं ते समजून घेतात. क्रेमा कातालानात अंड्याचा बलक असतो, अलिओलीतही बऱ्याच ठिकाणी अंडं असतं. मोठ्यांसाठी ताजी फळं मागा, इथले पीच जुलैत रसाने फुटत असतात.

दुपारचं जेवण एक ते साडेतीन, रात्रीचं साडेआठच्या पुढे. मधल्या वेळेत बहुतेक ठिकाणी चूल बंद असते. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि सोमवारी तोर्रोएल्याच्या आठवडी बाजारातून भाजी आणा. कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक किमतीचं तीन पदार्थांचं जेवण मिळतं, बाहेर खायचं तर तेव्हा खा. रात्रीपेक्षा निम्म्यात होतं.

आम्ही साधी माणसं. त्या मोठमोठ्या नौकांच्या बंदरात आम्हाला हिंडू देतात का? उगाच कोणी हटकलं तर कसंतरी वाटतं. — नवविवाहित जोडपं

अगदी निःसंकोच हिंडा. बंदराचा रस्ता आणि मुख्य धक्का सगळ्यांचा आहे, संध्याकाळी अख्खं गाव तिथे फिरायला येतं. आजी बाकावर, मुलं सायकलवर, नौकावाले अनवाणी पाण्याची नळी घेऊन डेक धुताना. आतल्या तरंगत्या धक्क्यांना दार आणि कुलूप असतं, तिथे फक्त नौकांची माणसं जातात. दार उघडं दिसलं तरी आत जाऊ नका, तो कोणाच्या तरी घराचा व्हरांडा आहे. कोणी बोलावलं तर जरूर जा, चढण्यापूर्वी चपला काढा. नौकेवर सगळेच काढतात.

साडेसहा-सातला जा, बाहेरून नौका परततात ती वेळ. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अगदी किरकोळ. म्हणून इथे नौका धक्क्याला पाठ लावून उभ्या करता येतात. नौका दोन शेजाऱ्यांमधल्या अरुंद फटीत उलटी शिरते, बाजूंना फुगे लटकलेले, एक जण पुढे पळत जाऊन पाण्यातून चिखलाळलेला मुरिंगचा, म्हणजे तळाशी बांधून ठेवलेला दोर आकड्याने उचलतो, दुसरा मागून धक्क्यावर दोर फेकतो. वारा बाजूने असेल तर सगळ्या धक्क्याचा श्वास रोखलेला असतो. कोणी तुमच्याकडे दोर फेकलाच तर हातांनी ओढत बसू नका, धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला एक वेढा द्या आणि टोक धरून ठेवा, ताण खुंटा घेतो. आणि नौका व धक्का यांच्या मध्ये हात किंवा पाय कधीच घालायचा नाही. ती छोटी दिसली तरी काही टनांची असते.

झेंडे वाचायला शिका, फिरायला मजा येते. मागच्या बाजूला नौकेच्या स्वतःच्या देशाचा, आणि परदेशी नौका असेल तर डोलकाठीच्या उजव्या अंगाला छोटा स्पेनचा, यजमान देशाचा मान म्हणून. नौकेच्या पाठीवर नावाखाली तिचं बंदर लिहिलेलं असतं. एकाच रांगेत मार्से, जेनोआ, हॅम्बुर्ग असं वाचता येतं. लोकांचे फोटो मात्र विचारून काढा. डेकवर जेवत बसलेलं कुटुंब त्यांच्या घरातच बसलेलं आहे.

गाडी न घेता पोचता येईल का? — एकटी प्रवास करणारी

येईल. लेस्तार्तितला रेल्वे नाही. बार्सिलोनाहून बस आहे, किंवा जलद रेल्वेने जिरोना आणि तिथून बस. गाव सपाट आणि चालण्याजोगं आहे, तोर्रोएल्यापर्यंत सायकलने जाता येतं. फिगेरेस, कादाकेस असं एकेका दिवशी करायचं तर बसच्या वेळा जुळवताना दमछाक होते, त्यासाठी एखाद-दुसरा दिवस गाडी भाड्याने घ्या. शेन्गेन व्हिसाच्या तारखा मात्र लवकर घ्या, उन्हाळ्याच्या तोंडावर रांग वाढते. कातालुन्यात राहण्याच्या रात्रींवर एक छोटा पर्यटन करही पडतो, तो घराच्या भाड्यात धरला आहे का ते आधी विचारा.

सासूबाई-सासरे दोघंही सत्तरीच्या पुढचे. कोणत्या महिन्यात आणावं? आणि सासरे नौकेवर पाय ठेवणार नाहीत, त्यांचं काय? — एक सून

सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे. मेमध्ये हवा छान असते, पण पाणी गार असतं. समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो, त्यामुळे सप्टेंबरमध्ये पाणी अजून उबदार, गर्दी ओसरलेली, घरभाडं उतरलेलं आणि ऊन सोसवणारं. महिन्याच्या शेवटाकडे पूर्वेचा लेव्हांत वारा पाऊस आणि मोठ्या लाटा घेऊन येऊ शकतो, म्हणून तिथे रेष ओढा. जुलैच्या शेवटी, 26 तारखेच्या सांता आनाच्या सणाच्या सुमाराला गावाचा उत्सव असतो. तो बघायचा मोह होईल, पण तेव्हा उकाडा आणि गर्दी दोन्ही कळसाला असतात, तुमच्या सासऱ्यांना झेपणार नाही.

सासऱ्यांचं म्हणाल तर त्यांना बंदराजवळचं घर घ्या, तळमजल्याचं किंवा उद्वाहन असलेलं. डोंगराकडच्या चढावरची घरं स्वस्त आणि देखणी असतात, पण रोजचा तो चढ गुडघ्यांना नको. बंदराच्या भिंतीला लागून बाकं आहेत, सकाळी तिथे उन्हाची तिरीप येते आणि सगळी ये-जा समोरून होते. त्यांना आकड्यांची, हवामानाची आवड असेल तर आणखी एक गोष्ट सांगा. या गावातला एक माणूस 1970 च्या दशकापासून नेमाने समुद्रात जाऊन वेगवेगळ्या खोलीवरचं पाण्याचं तापमान मोजत आला आहे, थेट 80 मीटरपर्यंत. एवढ्या सलग नोंदी भूमध्य समुद्रात फार थोड्या ठिकाणी आहेत. समुद्र तापतो आहे हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञांना या छोट्या बंदरातल्या वह्यांचा आधार झाला.

दोघांनाही उथळ किनाऱ्यावर चालायला न्या, पण पायात रबरी चपला घालून. दुपारी वाळू पोळते. आणि किनाऱ्यावर तपकिरी, फितीसारख्या पानांचे ढीग दिसले तर तो कचरा समजून जागा बदलू नका. ती पोसिदोनियाची गळलेली पानं आहेत, लाटांपासून वाळू वाचवतात. घर नक्की करताना मालकाला दोन गोष्टी लेखी विचारा: उद्वाहन चालू आहे ना, आणि न्हाणीघरात धरायला दांडा आहे का. नसेल तर सक्शनचा दांडा बरोबर आणा, सामानात सहज मावतो.